कलेजीत झोपलेला ताप

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, रेघा असूनसुद्धा ओळी खाली घसरतात. त्याची आधीच माफी मागते. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती. ती फुकट जातील म्हणून लिहायला बसले. कुणाला वाचून दाखवायचं नाही. चार माणसं समोर असली की माझी जीभ टाळूला चिकटते. वही तोंडाकडे बघत नाही, एवढं बरं.

लिहायचंय ते माझ्या तापाबद्दल. तो गेला आहे. कसा गेला ते विसरायच्या आधी लिहून ठेवते.

आम्ही मूळचे डोंगराकडच्या पाड्यावरचे. लग्नानंतर बोईसरला आलो. नवरा कारखान्यात माल चढवायचं-उतरवायचं काम करतो. मी कापडाच्या कारखान्यात धागे कापायला जात होते. खोली एका चाळीत आहे, एका रांगेत सात खोल्या आणि टोकाला मालकिणीचं घर. मालकीण मच्छीवाली. तिने सुकी मासळी विकून ही चाळ उभी केली. तिला सगळे मावशी म्हणतात आणि सगळे घाबरतात. तिच्या कमरेला कायम एक कापडी बटवा असतो. चाव्या, भाड्याचे पैसे, तंबाखू, सुपारी, डोकेदुखीचा बाम, सगळं त्यात. झोपतानाही ती तो सोडत नाही म्हणतात.

धाकटा पोटात होता तेव्हा पहिला ताप आला. पाचवा महिना असेल. कारखान्यात दुपारी जेवून परत टेबलाशी बसले आणि हातातली कात्री थडथड वाजायला लागली. शेजारची पोरगी म्हणाली, "ए, टेबल काय हलवतेस?" मी हलवत नव्हते, माझं अंगच हलत होतं. घरी आले, दोन गोधड्या घेतल्या, त्यावर नवऱ्याने सतरंजी टाकली, तरी दात वाजत होते. मग अंग भट्टीसारखं तापलं. मग घाम फुटला, गोधडी पिळावी इतका. त्यानंतर उठून बसले तर काही झालंच नव्हतं असं वाटलं. दुसरा दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी परत तेच.

पोटात बाळ होतं म्हणून नवरा घाबरला. गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. त्याने सलाईन लावली, इंजेक्शनं दिली, परत बोलावलं, परत सलाईन लावली. नवऱ्याची मजुरी त्यात केव्हाच संपली. मग मावशी आली, दारात उभी राहून माझ्याकडे बघितलं आणि घरी जाऊन पेटीतून पैसे घेऊन आली. नवऱ्याच्या हातावर ठेवताना म्हणाली, "व्याज नको मला. पण मुद्दल मी देवाला पण सोडत नाय."

ते पैसेही गेले आणि ताप राहिला. शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे बोटाला सुई टोचून रक्त घेतलं आणि मलेरिया निघाला. तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, फुकट. डॉक्टर म्हणाले, "अजून एक औषध आहे, पण पोटात मूल असताना ते देता येत नाही. बाळंत झालीस, बाळ जरा मोठं झालं की ये. विसरू नको." मी मान हलवली. कसलं औषध, कशासाठी, हे विचारायला हवं होतं. मागे रांग होती, पुरुष उभे होते, मी मान खाली घालून बाहेर आले. तीन दिवसांत ताप गेला. मला वाटलं, संपलं.

मुलगा नीट झाला, अंगाने जरा बारीक. तो दोन महिन्यांचा असताना ताप परत आला. मग मधले चार महिने बरे गेले. मी मुलाला मुलीपाशी आणि शेजारणीपाशी ठेवून कामावर जायला लागले, आणि परत आला. मग परत. दर वेळी तसाच, आधी थंडी, मग भट्टी, मग घाम. दर वेळी मी वेगळीकडे गेले. एकदा मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या, एकदा गल्लीतल्या डॉक्टरने. गोळ्या घेतल्या की ताप जायचा. याआधी येऊन गेलाय हे मी कुणालाच सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

सगळे म्हणायचे, मच्छर. नवऱ्याने मच्छरदाणी आणली. पाण्याचं पिंप दर आठवड्याला उलटं करून घासलं. दारामागच्या खड्ड्यात माती टाकली. संध्याकाळी कडुनिंबाचा पाला जाळला, त्याने चाळभर खोकला झाला आणि मावशीच्या शिव्या खाल्ल्या. मी दिवेलागणीला मच्छरदाणीत शिरायची ती सकाळी बाहेर पडायची. तरी ताप आला. मच्छरदाणीतल्या बाईला मच्छर चावला कसा?

चौथ्या वेळेला कारखान्यातला सुपरवायझर म्हणाला, "फिर बुखार? तू काम करती है कि बुखार करती है?" बाकीच्या बायका हसल्या. त्याने दुसऱ्या दिवसापासून माझ्या जागी दुसरी बसवली.

त्या दिवशी मावशी नळावर भेटली. तिला सगळं आधीच कळलेलं असतं. म्हणाली, "तुझा ताप म्हंजे जावई झाला की गं. दर सणाला हजर. त्याला नेसायला देतेस का काय?"

मी घागर उचलून घरी आले. राग आला नाही, कारण तिचं खरं होतं. बरी असताना मी तिच्यासाठी डब्यात पैसे टाकायची आणि ताप आला की तेच काढून औषधाला द्यायची. दीड वर्ष झालं, तिचा एक रुपया फिटला नव्हता. भाडं तेवढं कसंबसं जात होतं. मी मनात धरलं, आता दोन गोष्टी करायच्या. ताप मुळापासून घालवायचा आणि मावशीचे पैसे फेडायचे. पहिली झाल्याशिवाय दुसरी होणार नव्हती.

मी परत सरकारी दवाखान्यात गेले. तिथे रक्त तपासायला एक तरुण बाई होती. तिने काचेवर रक्ताचा थेंब घेता घेता विचारलं, "याआधी झालाय का मलेरिया?"

मी चार बोटं दाखवली.

तिने हातातली काच खाली ठेवली. "चार वेळा? आणि चौदा दिवसांच्या गोळ्या कधी घेतल्यास?"

मी नाही म्हणून मान हलवली. बाळ अंगावर पितं का, तिने विचारलं. सोडवून महिना झाला होता. पोटात दुसरं नाही ना, तेही विचारलं. मग तिने दंडातून आणखी रक्त घेतलं, ह्या गोळ्या तुला सोसतात का ते बघायचं म्हणाली. सोसत होत्या. मग तापाच्या तीन दिवसांच्या आणि शिवाय चौदा दिवसांच्या, अशा गोळ्या मिळाल्या. "जेवल्यावर घ्यायच्या, उपाशीपोटी नको. ताप गेला तरी थांबायचं नाही."

त्या वेळी सासू पाड्यावरून मुलं बघायला आली होती. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे एकट्याने खायची पद्धत नाही. ओढ्यात मासे मिळोत, रानात मध मिळो, घरी आणलं की आधी वाटे पडतात. जो गेला नाही त्यालाही वाटा, आजारी असेल त्यालाही, पोटुशी असेल तिला दोन. लपवून खाल्लं तर अंगाला लागत नाही म्हणतात. मी लहानपणापासून हेच बघितलंय आणि मला ते चांगलंच वाटतं.

सासूने गोळ्यांची पाकिटं बघितली. "एवढ्या तुला एकटीला?"

"हो आई. बाईंनी सांगितलंय."

"ताप काय तुला एकटीला आलता? माजा ल्योक पण मागल्या महिन्यात कन्हत पडला हुता. मला पण पावसाळ्यात हिव भरलं हुतं. घरात एकीनं औषध खायाचं आन बाकीच्यांनी तोंड बघायाचं?"

तिने सूप घेतलं, गोळ्या फोडून त्यात टाकल्या आणि वाटे केले. नवऱ्याचा, माझा, तिचा. तिने ते वाईट मनाने केलं नाही. माझा वाटा तर तिने जरा मोठाच ठेवला होता. मुलीचाही ठेवायला लागली तेव्हा मी तेवढ्या गोळ्या मुठीत घेतल्या. बाकी तोंड उघडलं नाही.

चार दिवसांनी नवरा पहाटे मोरीतून बाहेर आला तो भिंतीला टेकूनच. लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. डोळे पिवळे. माल चढवणारा माणूस, पण दारापर्यंत चालताना धाप लागली. मावशीनेच रिक्षा बोलावली. मोठ्या सरकारी रुग्णालयात त्याला ठेवून घेतलं, रक्त चढवलं. सासू बाहेर व्हरांड्यात बसून होती. तिने दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. "म्या माज्या हातानं पोराला इख दिलं," एवढंच म्हणायची. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तो तिने झटकला नाही.

नवरा वाचला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की काही माणसांच्या रक्तात जन्मापासून एक गोष्ट कमी असते. एरवी कळतही नाही, पण ही गोळी घेतली की रक्त आतून फुटायला लागतं. म्हणून आधी तपासायचं असतं. माझं तपासलं होतं, त्याचं नव्हतं. गोळी वाईट नव्हती, ती त्याची नव्हती. त्यांनी त्याला बजावलं, यापुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलास तर हे आधी सांगायचं, आणि मुलांचंही तपासून घ्यायचं. मुलांचं नंतर तपासलं, ते ठीक निघालं.

मी ह्या धावपळीत माझ्या वाट्याच्या गोळ्या संपवल्या होत्या. पुढच्या गोळ्या मागायला गेले नाही, कुठल्या तोंडाने जाणार? दीड महिन्याने दुपारी भाकरी थापताना हात थडथड हलायला लागले. मी तवा उतरवला, चूल विझवली, गोधडी घेतली. थंडी भरायच्या आधीच ठरवलं, या वेळी तोंड उघडायचं.

घाम येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. तीच बाई होती. गोळ्यांचे वाटे केले ते मी सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत. ती ओरडली नाही. म्हणाली, "माझं चुकलं. वाटून घ्यायच्या नाहीत हे मी सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात प्रश्न विचारला. "बाई, मी तर मच्छरदाणीत असते. मग हा येतो कुठून?"

"तो येत नाही," ती म्हणाली. "तो गेलेलाच नाही."

मागे रांग नव्हती. तिने स्टूल पुढे ओढलं.

"बोकडाची कलेजी कापलीयस ना? तशीच आपल्याला असते, इथे." तिने स्वतःच्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "मच्छर चावला तेव्हा त्याच्या थुंकीतून मलेरियाचे जंतू अंगात गेले. ते रक्तात फिरत बसत नाहीत, सरळ कलेजीत जातात. कलेजी म्हणजे बारीक बारीक खोल्या, दिसणार नाहीत इतक्या बारीक. एकेका खोलीत एकेक जंतू शिरतो. काही जण लगेच कामाला लागतात. एकाचे हजारो होतात, खोली फोडून बाहेर पडतात, रक्तात येतात. तेव्हा तुला थंडी भरते."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे काहीच करत नाहीत. खोलीत शिरतात आणि झोपतात. महिना, सहा महिने, कधी वर्षभर. खोलीलाही कळत नाही आत कोण आहे ते. मग एखादा उठतो, आणि तुला वाटतं नवा ताप आला."

"रक्त तपासलं तर दिसत नाहीत ते?"

"रक्तात नाहीतच तर दिसणार कसे? तीन दिवसांच्या गोळ्या रक्तातल्यांना मारतात. झोपलेल्यांना त्यांचा पत्ताही लागत नाही. झोपलेल्यांना मारते ती चौदा दिवसांची. ती अर्ध्यात सोडली की काही राहतात."

"उठतात कशाने?"

ती हसली. "ते अजून मोठमोठ्या डॉक्टरांनाही नीट कळलेलं नाही."

तिने मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. माझंच रक्त होतं. फिकट गोल गोल ठिपके, आणि एका ठिपक्याच्या आत निळसर अंगठी, त्यात लाल खडा असावा तशी. हा उठलेला होता. झोपलेले मला दिसले नाहीत, पण घरी येईपर्यंत माझा हात बरगडीखालीच होता. दोन वर्षं मी ज्याला बाहेर शोधत होते, पिंपात, खड्ड्यात, दारामागे, तो इथे गोधडी घेऊन पडला होता.

बाईने परत दिलेल्या गोळ्या घरी दाखवल्या तर सासूने पदर तोंडात धरला. "फेक ती. गटारात फेक आत्ताच. तो मरता मरता वाचला, आता तू मर. पोरं कोनाच्या गळ्यात बांधू?"

नवराही म्हणाला, "राहू दे. ताप येतो तसा जातो ना."

मी म्हटलं, "जात नाही. झोपतो." कलेजीचं सगळं सांगायचा प्रयत्न केला, पण बाईसारखं सांगता आलं नाही. मग एक आठवलं. मी लहान असताना आईबापाबरोबर शिरगावच्या वाड्यांमध्ये निंदणीला जायची. सासूही तिच्या काळात जायची.

"आई," मी म्हटलं, "लव्हाळा वरून उपटला तर जातो का?"

"लव्हाळा?" ती म्हणाली. "तो कसा जाईल. खाली गाठ असती त्याची. ती खणून काढावी लागती, नायतर आठ दिसांत परत हजर."

"मग मी वरवर उपटत होते, आई. दोन वर्षं."

लव्हाळ्याचं तिला पटलं. पण गोळ्या घरात राहिल्या तर ती त्या फेकेल हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. मी पाकीट उचललं आणि चाळीच्या टोकाला गेले.

मावशी बोंबील निवडत बसली होती. तिला सांगायला मला बराच वेळ लागला. मध्ये दोनदा म्हणाली, "मोठ्यानं बोल, माशीसारखी गुणगुणू नको." सगळं ऐकून झाल्यावर तिने हात पुसले.

"म्हंजे तुझ्या कलेजीत खोल्या हायेत."

"हो."

"आन त्यांत तो दोन वर्सं राहतो. भाडं न देता."

"हो."

"माझ्या चाळीत असता तर मी त्याची भांडी केव्हाच रस्त्यावर मांडली असती." ती माझ्याकडे निरखून बघत राहिली. "आता मला कळलं माझे पैसे कुठं अडकलेत ते. त्यांच्यावरच झोपलाय मेला. आन ती गोळी इकडं. माझ्या बटव्यात हात घालायची कुणाची छाती नाय."

तसं ठरलं. रोज दुपारी मी तिच्याकडे जायचं. ती आधी भात वाढायची, त्यावर बोंबलाचं किंवा मांदेलीचं कालवण. "खा. उपाशी पोटाला गोळी जाळते म्हणालीस ना. अजून घे. माझा भात वाया गेला तर चालल, पैसा नाय जायाला पायजे." मी खाल्लं की बटवा उघडायची, गोळी माझ्या तळहातावर ठेवायची आणि गिळल्यावर म्हणायची, "तोंड उघड." मी तोंड उघडायची. एवढ्या माणसांत मला मावशीपुढेच तोंड उघडायची सवय झाली.

गोळ्या सोप्या नव्हत्या. पोटात कळ यायची, मळमळायचं, तोंड कडू पडायचं. ताप तर तिसऱ्याच दिवशी गेला होता, त्यामुळे औषध कशाला घ्यायचं असं रोज वाटायचं. सासू माझ्याशी बोलत नव्हती, पण रोज सकाळी मोरीच्या दाराशी उभी राहून विचारायची, "रंग कसा हाय?" पोरांसमोर, शेजारणीसमोर. मी लाजून म्हणायची, "पिवळा, आई." मग ती चहा ठेवायला जायची. कधी ती विचारायला विसरली तर मला चुकल्यासारखं वाटायचं.

अर्ध्याहून जास्त गोळ्या झाल्या होत्या. एके दिवशी दुपारी मावशीकडे गेले तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ती उमरोळीला गेली, बहिणीच्या नातीची हळद हाय. उद्या रातच्याला येईल." बटवा तिच्या कमरेला. गोळ्या बटव्यात.

मी पायरीवर बसले. फोन लावला तर तो कुलपाच्या आत वाजत होता. एक दिवस चुकला तर काय होतं, असं मनात आलं. मग बरगडीखाली हात गेला. एक खोली राहिली तरी राहिली. मी उठले, मुलाला सासूकडे दिलं, "उमरोळीला जाऊन येते" म्हटलं आणि ती काही विचारायच्या आत निघाले. डब्यात रिक्षाला जाण्यापुरते पैसे होते, येण्याचे नव्हते.

उमरोळीत हळदीचं घर शोधावं लागत नाही, स्पीकरच्या आवाजाकडे चालत जायचं. मांडव बायकांनी भरला होता. सगळ्यांच्या अंगावर नव्या साड्या, मोगऱ्याचे गजरे, तोंडं पिवळी. मी घरातल्याच साडीत, पायात रबरी चपला. मांडवाच्या खांबाशी उभी राहिले. मावशी पार आत नवरीपाशी बसून गाणं म्हणत होती. मी हात केला, तिने बघितलं नाही. दोन बायकांनी मला न्याहाळलं, एकमेकींच्या कानात बोलल्या. माझे पाय मागे सरकायला लागले.

तेवढ्यात स्पीकरवरचं गाणं संपलं आणि दुसरं लागायला जरा वेळ लागला. मी डोळे मिटले आणि ओरडले, "मावशी! माझी गोळी!"

अख्खा मांडव वळला.

"अगं बाई," एक जण म्हणाली, "कसली गोळी गं? पाळणा लांबवायची का?"

"ती तर रातच्याला लागल, आत्ता दुपारची काय घाई!" दुसरी म्हणाली आणि हशा उसळला.

माझे कान तापले. पण आता ओरडून झालंच होतं. मी म्हटलं, "कलेजीत मलेरिया झोपलाय. त्याला मारायची."

हसणं थांबलं नाही, पण वेगळं झालं. मावशी उठून वाट काढत आली. तिच्या गालाला हळद होती. तिने कमरेचा बटवा चाचपला आणि कपाळावर हात मारला. "माझ्या मेलीच्या ध्यानातच नाय. तू चालत आलीस?"

"रिक्षाने."

"जेवलीस?"

नव्हते जेवले. तिने मला पंगतीत बसवलं, शेजारच्या बाईला सरकवून. भात वाढून घेतला, स्वतः समोर उभी राहिली. मी जेवले, गोळी गिळली आणि सवयीने तोंड उघडलं. मघाशी हसलेल्या बाईने बघितलं आणि विचारलं, "खरंच झोपतो का गं तो? माझ्या सुनेला पण सारखा येतो ताप. पावसाळ्यापास्नं."

मी तिला सांगितलं. लव्हाळ्याचं, खोल्यांचं, तीन दिवसांचं आणि चौदा दिवसांचं. आधी रक्त तपासायचं, वाटून खायच्या नाहीत, हे दोनदा सांगितलं. आजूबाजूच्या आणखी दोघी ऐकत होत्या. बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी बोलत होते. परतताना मावशीने मला तिच्या भाच्याच्या टेम्पोत बसवून दिलं आणि उरलेल्या गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. "घे. आता तुझी तू सांभाळशील."

मी ते घरी नेलं, सासूच्या समोर फळीवर ठेवलं, मुलांचा हात पोचणार नाही असं वर. ती बघून न बघितल्यासारखं करत राहिली. शेवटच्या गोळीच्या दिवशी तिने न सांगता माझ्यासाठी भात आधी उतरवला.

गोळ्या संपल्या तरी आनंद वगैरे काही करता येत नाही. झोपलेला उठला नाही, हे कळायचं कसं? वाटच बघायची. मी दुसऱ्या कारखान्यात कामाला लागले, तिथेही धागेच कापायचे. पहिले दोन महिने मी दर दुपारी कात्रीकडे बघायची, हलते का. पगार झाला की मावशीच्या तळहातावर जमेल तेवढे ठेवायची. ती म्हणायची, "जावई?" मी म्हणायची, "नाही आला."

एकदा थंडीच्या दिवसांत अंग शहारलं. मी कात्री खाली ठेवली, सुपरवायझरकडे स्वतः गेले, रक्त तपासून येते म्हणून सांगितलं आणि गेले. बाईने काच बराच वेळ बघितली. "काही नाही," ती म्हणाली. "साधी सर्दी आहे. पण आलीस ते बरं केलंस." बाहेर आल्यावर मला रडू आलं, आणि शिंकाही.

मग होळी झाली, पावसाळा झाला. मुलगा अंगणवाडीत जायला लागला. तो ज्या तापात पोटात होता तो त्याला आठवणार नाही, हेच बरं. सासू पाड्यावर परत गेली. फोन करते तेव्हा अजून विचारते, "रंग कसा हाय?" आणि स्वतःच हसते. एकदा म्हणाली की पाड्यावर कुणाला थंडीताप आला तर ती आधी दवाखान्यात पाठवते, आणि गोळ्या वाटू देत नाही. "मधाचे वाटे करायाचे," म्हणते, "गोळ्यांचे नाय."

दिवाळीच्या आधी कारखान्यात बोनस मिळाला. मी नवऱ्याला विचारलं नाही, तोच म्हणाला, "जा, देऊन ये." मी अंघोळ करून धुतलेली साडी नेसले. मावशी ओट्यावर बसून सुकटातली कचरा-काडी काढत होती. मी तिच्यासमोर बसले आणि पैसे ठेवले.

तिने अंगठा ओला करून नोटा मोजल्या. मग परत मोजल्या. मुद्दल देवालाही सोडत नाय म्हणणारी बाई, ती मोजणारच. मोजून झाल्यावर तिने बटवा उघडला, नोटा आत सारल्या, नाडी ओढली आणि माझ्या उजव्या बरगडीवर दोन बोटांनी टकटक केलं, रिकाम्या खोलीचं दार वाजवून बघावं तसं.

"रिकामी?" तिने विचारलं.

"रिकामी," मी म्हटलं.

"माझे पण फिटले," ती म्हणाली. "सगळे."